डाव्या हाताची खुर्ची

४ मार्च

घाईवाल्यांचा फोन, दात घासत होते तेव्हाच. रेकॉर्ड कंपनीतले गृहस्थ. खरं नाव त्यांच्या कार्डावर आहे, पण बाबा त्यांना घाईवाले म्हणत म्हणून मीही. 'ताई, झालं का सुरू? साहेबांना जाऊन वर्ष भरायच्या आत बाजारात यायला हवं. लोक विसरतात हो.' लोक विसरतात म्हणे! मला अजून स्टुडिओचं दार ढकलताना वाटतं की बाबा आत बसलेले असतील आणि मान न वळवता म्हणतील, 'दार लाव, बाहेरचं सगळं आत येतंय.'

काम असं — बाबांनी काढलेल्या रेकॉर्डींमधली निवडक गाणी एका संचात. जुन्या रिळांवरून मी नव्यानं उतरवायची, साफसूफ करायची. मुलीनं केलंय म्हटलं की जाहिरातीला बरं. शिवाय बाबांच्या कामाबद्दल दोन पानं आठवणी, त्याही मीच लिहायच्या. मी हो म्हणून बसले.

भीती वाटतेय. काम जमणार नाही याची नाही, हेच तर करत आले. मग कसली? रिळांच्या कपाटाची किल्ली हातात घेतली आणि परत खुंटीला अडकवली.

५ मार्च

किल्ली घेतली. कपाट उघडलं. बंद केलं. चहा.

६ मार्च

आज धीर केला. रिळं वर्षांप्रमाणे लावली आणि पहिल्यापासून ऐकायला बसले.

काय काय करून ठेवलंय या माणसानं! सगळ्यात जुनी ती व्यायामाची रेकॉर्ड. 'एक, दोन, तीन, चार, कंबरेतून वाका.' व्यायामशिक्षकांचा घसा बसला म्हणून दुसऱ्या बाजूला बाबा स्वतःच मोजतात. आयुष्यात कधी कंबरेतून वाकले नाहीत, पडलेली पेन्सिलसुद्धा मला उचलायला लावत. मग टायपिंग शिकवणारी रेकॉर्ड. मग पक्ष्यांचे आवाज — त्यातला कावळा हवा तेव्हा ओरडेना, म्हणून कावळा म्हणजे बाबा. ती रेकॉर्ड शाळाशाळांतून वाजली. कितीतरी मुलं बाबांना कावळा समजून मोठी झाली असतील. स्टेशनावरच्या सूचना, केसांच्या तेलाची जाहिरात, झोप न येणाऱ्यांसाठी पावसाचा आवाज. तो पाऊस म्हणजे आमच्या न्हाणीघरातला शॉवर. आई बाहेरून 'पाणी संपेल' म्हणून ओरडत होती, तेवढं कापलंय. मग नाचाच्या रेकॉर्डी, बँडवाल्यांच्या, मुलांच्या गोष्टींच्या, आणि सगळ्यात शेवटी ती गाणी, ज्यांच्यामुळे लोक त्यांना ओळखतात.

कुणी विचारलं, तुम्ही नक्की काय करता, तर म्हणायचे, 'ऐकतो.' वादकांत त्यांना नावच पडलं होतं, कानसाहेब. हे आठवणींत लिहायला हवं.

त्यांची एक खोड होती. काचेपलीकडे गाणाऱ्याशी बोलायला यांच्या टेबलावर एक माइक असे. बाकीचे स्टुडिओ टेप वाचवायला गाणं सुरू झालं की मगच रीळ फिरवत. बाबा आधीपासून फिरवत, आणि टेबलावरचा माइकही टेपच्या एका कडेवर उतरवून ठेवत. 'गाणं झालं हे सगळ्यांना कळतं. होत कसं गेलं ते पण राहू दे.' त्यामुळे प्रत्येक रिळावर बाबा आहेत. खोकताहेत, चहा मागताहेत. 'बाई, पहिली ओळ म्हणा,' एवढं ऐकलं आणि मला मशीन बंद करावं लागलं. रडून घेतलं. बरं वाटलं, थोडं.

७ मार्च

आई स्टुडिओत डोकावली. घराला लागूनच आहे, येता-जाता डोकावते. म्हणाली, 'अगं, तो चार्जर किती किरकिरतोय. काढ तो.' फोनचा चार्जर, भिंतीतला. मी अगदी कान लावला. काही नाही. तिला म्हटलं, आई, कसलाही आवाज नाहीये. 'बरं,' म्हणाली, आणि जाईचना. माझ्याकडे बघत राहिली.

नसलेले आवाज यायला लागले की काय तिला? एवढं काही वय नाही, बाबांपेक्षा बरीच लहान. पण एकटी पडलीये. एखाद्या डॉक्टरला दाखवावं का? तिला कसं सांगायचं? आता हीही धास्ती.

१० मार्च

मधल्या काळातली गाणी ऐकतेय. सगळे ज्यांना मोठ्या बाई म्हणत त्या गायिकेनं गायलेली, ट्रम्पेटवाली, सगळी. काय लख्ख! शब्दातला स आणि श काढून ताटात ठेवावा तसा. झांजेवर काठी पडते ती दिसते. यातलं काही म्हणजे काही बदलायचं नाही.

शेवटच्या वर्षांतली मात्र मंद वाटतात. पांघरूण टाकल्यासारखी. वाईट वाटलं. बाबा थकले होते तेव्हा. मी त्या काळात दुसऱ्या स्टुडिओत नोकरीला होते, रोजचं पाहिलं नाही. आई मात्र जाऊन बसायची, विणकाम घेऊन, त्यांच्या डाव्या हाताला लाकडी खुर्चीवर. आधी कधी पाऊल न ठेवणारी बाई! वादक मागून हसत, साहेबांवर पहारा बसला म्हणून. मीही हसले होते. तेवढ्या काळात तिनं आम्हाला पुरून उरतील इतके स्वेटर विणले, एकाचीही बाही धड नाही.

तर त्या शेवटच्या गाण्यांचा ट्रेबल, म्हणजे तो वरचा बारीक आवाज, मी थोडा चढवला. आता कसं उघडल्यासारखं झालं. बाबांची उतरती बाजू कुणाला दिसायला नको. नमुने घाईवाल्यांना पाठवले. आज जरा हलकं वाटतंय.

१२ मार्च

घाईवाल्यांचा फोन. बोलायला कचरत होते — हा माणूस आणि कचरतोय!

'ताई, मधली गाणी आहेत ना, ती मुळातच थोडी टोचरी होती. तेव्हाही लोक म्हणायचे. ती तुम्ही मवाळ कराल असं वाटलं होतं.' पुढे म्हणाले, 'आणि शेवटची... रागावू नका. ती तर किती सुरेख होती. लोण्यासारखी. त्यांना काय केलंत? आमच्या ऑफिसात सगळ्यांनी कान झाकले.'

मी रागावले. म्हणाले, तुमचे स्पीकर तपासा. फोन ठेवला. तुम्हाला काय कळतंय, कानसाहेबांची मुलगी आहे मी!

मग शेवटची गाणी परत ऐकली. मला ती छानच वाटली. राग गेला, शंका राहिली.

१३ मार्च

बाबांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट — काट्याकडे बघायचं नाही. आवाज मोजणारे काटे असतात ना यंत्रावर, त्यांच्यावर त्यांनी पुठ्ठा चिकटवला होता. 'डोळे लबाड असतात. कानानं काम कर.' बाहेरचे लोक आले की त्या पुठ्ठ्याचं कौतुक व्हायचं. मीही तसंच. कॉम्प्युटरवर आवाजाचा आलेख दिसतो तो मी इतकी वर्षं बंदच ठेवलाय. अभिमानानं.

आज उघडला.

मधल्या काळातलं पहिलं गाणं लावलं. आलेखात उजव्या टोकाला, जिथे वरचे बारीक आवाज दिसतात, तिथे डोंगर. पुढच्या वर्षीचं लावलं, डोंगर मोठा. त्याच्या पुढचं, आणखी मोठा. आणि मला काहीच ऐकू येत नाहीये त्यातलं. म्हणजे गाणं ऐकू येतंय, छान येतंय. डोंगर येत नाहीये.

मी तिथला आवाज पूर्ण कापून पाहिला. परत जोडला. परत कापला. फरक कळेना.

स्पीकरची वायर तपासली. हेडफोन बदलला. दोन्ही ठीक आहेत.

१५ मार्च

कुणाला सांगायचं?

१६ मार्च

माझं अलीकडचं काम काढून बघितलं. बिस्किटाची जाहिरात, मुलांची गाणी. सगळीकडे तोच डोंगर. गेल्या वर्षीपेक्षा यंदाचा मोठा. म्हणून ते बिस्किटवाले परत आले नाहीत! मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोलले होते.

जेवण जात नाही. आईला म्हटलं, पित्त झालंय.

१८ मार्च

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या, ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून.

काचेच्या खोलीत बसवलं. आजवर मी लोकांना काचेपलीकडे बसवत आले. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मला इतकी भीती वाटत होती की काही न ऐकता दोनदा दाबलं. 'घाई करू नका,' त्या म्हणाल्या. मग बराच वेळ काही आलंच नाही. त्या काचेतून खाली बघून खुणा करत होत्या, म्हणजे काहीतरी चालू होतं. मला येत नव्हतं, एवढंच. आपण बसलोय आणि आपल्याभोवती आवाज चाललेत आणि आपल्याला पत्ता नाही. इतकी एकटी मी कधीच नव्हते.

कागदावर रेघ काढून दाखवली. सरळ चालली, चालली, आणि मग जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली. दोन्ही कानांची तशीच. बोलणं ऐकायला अडचण नाही अजून. वरचे बारीक आवाज गेलेत. ते परत येत नाहीत. हळूहळू पुढे सरकेल, किती भरभर ते सांगता येत नाही. यंत्र लावता येईल, पण ते बोलण्यासाठी. संगीताचं विचारलं तर मान हलवून म्हणाल्या, 'फार भरवसा ठेवू नका.'

'काम काय करता?'

'घरीच असते.'

'घरात कुणाला होतं असं? वडिलांना?'

मी ताठ बसून म्हणाले, 'नाही. माझ्या वडिलांचे कान फार चांगले होते.'

बाहेर पडले आणि जिन्यातच तो रेघेचा कागद पुन्हा उघडला. कारण तोंडातून ते वाक्य बाहेर पडतानाच मला कळलं.

१९ मार्च

नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

मधली गाणी सगळ्यांना टोचतात. मला लख्ख वाटतात. बाबांनाही लख्खच वाटली असणार, नाहीतर त्यांनी तशी सोडली असती का? वर्षागणिक डोंगर वाढतो. माझाही वाढतो. ऐकू येईना तसतसा ते ट्रेबल चढवत गेले, आणि मीही तेच करतेय. माझे कान बाबांचेच आहेत. लहानपणी बायका म्हणायच्या ना, नाक आईचं, कान बाबांचे.

आमचा एक खेळ होता. बाबा एक बारीक शिट्टीसारखा आवाज लावायचे आणि वर-वर चढवत न्यायचे. आम्ही दोघांनी हात वर धरायचे, ऐकू येईनासा झाला की हात खाली. मी सगळ्यात शेवटपर्यंत. एकदा मी हात वर धरून बसलेय, त्यांचा केव्हाच खाली. म्हणाले, 'खोटं बोलतेस.' मी म्हटलं, शप्पथ, अजून येतोय. त्यांनी यंत्र बंद केलं. त्यानंतर तो खेळ आम्ही कधी खेळलो नाही. मला वाटलं, हरले म्हणून रुसले.

घाबरले होते ते. आज मी घाबरलेय अगदी तशीच. आणि कुणालाही सांगितलं नाही त्यांनी. रोज जाऊन त्या यंत्रापुढे बसायचे, पुठ्ठ्यामागे काटे झाकलेले, आणि बाहेर लोक म्हणताहेत कानसाहेब, कानसाहेब. कसे बसत असतील? बाबा, मला का नाही सांगितलंत?

हे बाहेर फुटलं तर त्यांचं हसं होईल. ज्याला वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं तो कानानं अधू. आणि मुलगी, जी ते दुरुस्त करणार, तीही. कशाच्या आधारानं दुरुस्त करू? आलेख बघून डोंगर छाटता येईल, पण किती छाटायचा? जास्त छाटला तर बाबांची गाणी मारीन मी. आणि मला कळणारसुद्धा नाही.

२० मार्च

घाईवाल्यांचे तीन फोन. उचलले नाहीत.

२१ मार्च

एक गोष्ट जुळत नव्हती. कान परत येत नाहीत. मग शेवटची गाणी लोण्यासारखी कशी? आलेख बघितला, डोंगर एकदम गायब. एका रेकॉर्डीत आहे, पुढचीत नाही. असं कसं होईल? बाबा काही काटे बघायला लागले नव्हते, पुठ्ठा आजही तिथेच आहे.

ती रिळं काढली. या वेळी गाणी सोडून टेपच्या कडेचा तो टेबलावरचा माइक ऐकला, आवाज मोठा करून.

बाबा : 'बाई, पहिली ओळ म्हणा.' मोठ्या बाई म्हणतात. मग बारीकसा आवाज — टक्. बाबा : 'पुन्हा म्हणा.' बाई म्हणतात. टक्. 'पुन्हा.' बाई वैतागतात, ऐकू येतं. 'अहो, किती वेळा?' टक्. 'शेवटचं, म्हणा.' बाई म्हणतात. टक्-टक्. बाबा लगेच : 'हं. आता घेऊ.'

दुसरं रीळ. तसंच. एक टक् आला की पुन्हा, दोन आले की आता घेऊ. तिसरं रीळ, तसंच.

लाकडावर काहीतरी आपटतंय. बारीक, धातूचं. मी उठून भिंतीवरचा फोटो काढून खिडकीशी नेला. शेवटच्या गाण्याच्या वेळचा. बाबा यंत्रापुढे, उजवा हात बटणावर, डावा हात शेजारच्या लाकडी खुर्चीच्या हातावर. हा फोटो छापून आला तेव्हा खाली लिहिलं होतं, कामातही पत्नीला न विसरणारे. त्या खुर्चीत आई आहे. मान खाली, मांडीवर लोकर. तिची विणायची सुई खुर्चीच्या त्याच हातावर टेकलेली आहे.

एवढ्या गाण्याबजावण्यात सुईची टकटक कानाला कशी कळणार? हाताला कळत होती.

मी फोटो उलटा करून टेबलावर ठेवला. का ते माहीत नाही. चोरी करताना कुणीतरी पकडल्यासारखं वाटलं.

२२ मार्च

आईला विचारायचं धाडस होत नाही. विचारलं की तिचं विचारणं येणार — तुला कसं कळलं? मग मला सांगावं लागेल. बाबांचं एक दुःख तिनं इतकी वर्षं झाकून ठेवलं, आता त्याच जागी मी उभी राहू? तेही मीच तिच्या डोक्यावर घालू? आणि माझ्या पोटाचं काय, धंद्याचं काय, हे तिनं या वयात बघायचं?

२३ मार्च

स्वयंपाकघरात आई भांडी पुसत होती. मी पाणी प्यायला गेले. तिनं पाठमोरीच विचारलं, 'चार्जर अजून किरकिरतोय का गं?'

मी पटकन म्हटलं, 'नाही, काढला मी तो. किरकिरतच होता, तू म्हणालीस ते खरं.'

ती ताटली पुसत राहिली. मग म्हणाली, 'काढला नाहीस. भिंतीतच आहे. आत्तासुद्धा मला इथवर ऐकू येतोय.'

ती वळली नाही.

'तेव्हा जुना टीव्ही होता आपला,' ती म्हणाली, 'बारीक शिट्टी मारायचा. ह्यांना म्हटलं, बंद करा हो ती शिट्टी. तर म्हणाले, केली बंद. तुझ्यासारखंच.' फडकं वाळत टाकलं आणि आत निघून गेली.

म्हणजे तिला सगळं माहीत आहे. मी तिला डॉक्टरकडे न्यायला निघाले होते!

रडूसुद्धा येत नाहीये. नुसती भीती. तिचा चेहरा दिसला नाही म्हणून जास्त.

२४ मार्च

ठरवलं. उद्या घाईवाल्यांना कळवणार, काम दुसऱ्याला द्या. तब्येत बरी नाही म्हणणार. नंतर स्टुडिओही बंद. दुसरं काहीतरी शिकेन, या वयात कुणी शिकत नाही असं थोडंच आहे.

२५ मार्च

फोन करायला म्हणून स्टुडिओत गेले. दार उघडंच होतं. कोपऱ्यातली लाकडी खुर्ची यंत्रापाशी आली होती, माझ्या डाव्या हाताला. आई बसलेली. मांडीवर नवी लोकर, चष्मा नाकावर. फोटो परत भिंतीवर लावलेला.

'आई, ऐक ना, मला तुला...'

'त्यांनीही मला काही सांगितलं नव्हतं,' ती म्हणाली. 'मी पण विचारलं नाही. दार लाव आणि ते ट्रम्पेटवालं आधी घे, ते फार टोचतं.'

लावलं. डावा हात खुर्चीच्या हातावर ठेवला.

टक्. मी ट्रेबल थोडा उतरवला. टक्. आणखी थोडा. मला काहीच फरक कळत नव्हता. टक्. आणखी.

टक्-टक्.